पहिली ओळ

वेबसाइटवाल्या पोरांची एक समजूत मला फार गमतीची वाटते. यादीत 'वर येण्या'चं खूळ गूगलने आणलं, असं ती धरून चालतात. मी फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं काढण्यात अर्धी हयात घालवली आणि आता कोकणातल्या होमस्टेवाल्यांना वेबसाइटचा मजकूर लिहून देते. दोन्हीकडचं पाणी प्यायलेय म्हणून सांगते: पहिल्या ओळीची मारामारी सुरू झाली तेव्हा गूगल काढणारी दोन्ही पोरं प्राथमिक शाळेत होती. ती सुरू केली विमान कंपन्यांनी.

त्याच्याही आधी सगळा कार्डांचा कारभार होता. अमेरिकन एअरलाइन्सच्या बुकिंग ऑफिसात एका गोल फिरत्या कपाटाभोवती आठ माणसं बसायची. दर फ्लाइटचं एक कार्ड. फोन आला की कपाट फिरवायचं, कार्ड काढायचं, कडेला खूण करायची आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. एक बुकिंग तडीला जायला सरासरी दीड तास लागे. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे एक विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ यांची गाठ पडली. आडनाव एकच निघाल्यावर गप्पा रंगल्या, आणि त्या गप्पांतून पुढे 'सेबर' ही यंत्रणा उभी राहिली. १९६० मध्ये ती प्रायोगिक पातळीवर चालू झाली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं बुकिंग तिच्यावर आलं.

इथवर मामला घरातलाच होता. १९७६ पासून मात्र सेबरचे टर्मिनल ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर जाऊ लागले. युनायटेडनेही आपली 'अपोलो' घेऊन तेच केलं. एजंटाला एकाच टर्मिनलवर सगळ्याच कंपन्यांच्या फ्लाइट दिसू लागल्या. फक्त ते टर्मिनल त्यातल्या एका कंपनीच्या मालकीचं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेने भाडी आणि मार्ग यांच्यावरचं सरकारी नियंत्रण उठवलं. कोणीही कुठेही उडावं, मनाला येईल ते भाडं लावावं. नव्या कंपन्या आल्या, स्वस्त भाडी आली, आणि प्रश्न उरला तो एवढाच की स्क्रीनवर आधी कोण दिसणार.

टर्मिनल येण्याआधी आम्ही लोक वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकांवर काम करत असू. बारीक टाइप, पातळ कागद, फ्लाइट निघायच्या वेळेनुसार लावलेल्या. सकाळी सहाचं विमान कुणाच्याही मालकीचं असो, सातच्या वर छापलेलं असायचं. एकदा छापलं की तो क्रम कुणाच्या बापाला बदलता येत नसे. स्क्रीनवर मात्र मूठभर ओळी मावतात आणि त्यांचा क्रम प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो.

टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आधी 'ए' दाबायचा, त्याला जोडून तारीख, मग मुंबई आणि लंडन यांचे तीन-तीन अक्षरी कोड, आणि एंटर. ओळी येतात. प्रत्येक ओळीत निरनिराळ्या क्लासची अक्षरं आणि त्यापुढे आकडा. ९ म्हणजे नऊ किंवा जास्त जागा, त्याच्यावरचं यंत्र सांगत नाही. समोर गिऱ्हाईक उभं असतं, त्याला व्हिसासाठी आजच बुकिंगचा कागद हवा असतो, दुसऱ्या टेबलावरचा फोन खणखणत असतो. पहिल्या ओळीत जागा दिसली की हात तिथेच जातो. पुढचा स्क्रीन कोण कशाला उघडतोय? १९८२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने हेच मोजून पाहिलं. निम्म्याहून अधिक वेळा एजंट पहिल्या ओळीतली फ्लाइट निवडतात आणि १००पैकी ९२ वेळा निवडलेली फ्लाइट पहिल्याच स्क्रीनवरची असते, असं निघालं. आज वेबसाइटवाले क्लिकचे जे आकडे छातीठोकपणे सांगतात, त्यांचं मूळ हे.

स्क्रीन हातात असल्यावर मालक गप्प बसतो होय! न्यूयॉर्क एअर नावाच्या नव्या कंपनीने ला ग्वार्डिया ते डेट्रॉइट फ्लाइट सुरू केल्या. तो अमेरिकनचा हक्काचा मार्ग. बघता बघता नव्या कंपनीच्या फ्लाइट सेबरच्या स्क्रीनवर तळाला गेल्या, बुकिंग आटलं आणि रोजच्या आठ फ्लाइटची संख्या शून्यावर आली. अमेरिकनचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी यात काही लपवलंही नाही. स्वतःच्या फ्लाइट वर दाखवता याव्यात आणि धंदा वाढावा यासाठीच तर ही यंत्रणा उभारली, अशा अर्थाचं त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं. माणूस रोखठोक होता, मला आवडतो. आपण क्रम निःपक्षपणे लावतो असं आजकाल ज्या तोंडाने सांगितलं जातं, त्यापेक्षा हे बरं.

१९८४ मध्ये नियम आला: स्क्रीनवर मालकाने स्वतःच्या फ्लाइटना झुकतं माप द्यायचं नाही. झालं, मालकाचा हात बांधला. आता बाकीच्यांचे हात मोकळे सुटले, आणि माझ्या मते खरी मजा इथून पुढे आहे. क्रम थेट फ्लाइट आधी, बदलीच्या नंतर असा लागतो, हे सगळ्यांना कळलं. मग दोन वेगळ्या विमानांना एकच नंबर देऊन 'थेट' म्हणवून घ्यायची टूम निघाली. न्यू जर्सीत मुलाकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या तिकिटावर एकच फ्लाइट नंबर असायचा आणि युरोपात मध्यरात्री त्यांना पिशव्या सावरत दुसऱ्या विमानात बसायला लागायचं. एजन्सीत आम्ही त्यांना आधीच बजावून ठेवायचो. दुसरी युक्ती कोडशेअरची. ॲमस्टरडॅमहून अमेरिकेला जाणारं विमान एकच, पण केएलएमच्या नावाने एक ओळ आणि नॉर्थवेस्टच्या नावाने दुसरी. स्क्रीनवरची जागा भरली, तिसरा कोणी आपोआप खाली ढकलला गेला. कोडशेअरला दुसरीही कारणं होती, पण स्क्रीन अडवणं हा त्यातला मोठा फायदा.

आमच्याकडे कॉम्प्युटर आले ते उशिरा, गॅलिलिओ आणि अमेडियस वगैरे यंत्रणांचे. तोवर नियम रुळले होते आणि युक्त्याही. २००२ मध्ये रेल्वेचं आयआरसीटीसीवरचं ऑनलाइन बुकिंग सुरू झालं, तेव्हा तिकीट कुरिअरने घरी यायचं. पुढे स्वस्त विमान कंपन्या आल्या आणि त्यांनी तिकिटं सरळ स्वतःच्या वेबसाइटवर विकायला काढली. १ जून २००८ पासून कागदी तिकीट बंद झालं. मागे लाल कार्बन असलेल्या त्या तिकिटांनी आमची बोटं रंगायची, त्याचं दुःख नाही. कमिशन गेलं, त्याचं झालं.

मग लोकांसारखी मीही वेबसाइटकडे वळले. तिथे पाहते तर सगळी ओळखीची मंडळी. टूरवाले पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'अष्टविनायक' शब्द शेकड्याने लिहून ठेवत. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. रोमन लिपीत अष्टविनायक लिहायच्या जितक्या तऱ्हा, तितकी भर. शिवाय चिंचवडहून एक पान, निगडीहून एक, हडपसरहून एक. गावाचं नाव सोडलं तर मजकूर तोच. हे कोडशेअरच की! एकच बस, तीन ओळी. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल आणून असल्या भरताड पानांना खाली ढकललं, आणि शहाणे लोक त्यातूनही वाट काढायच्या मागे लागले.

गूगलच्या जनकांना हे सगळं ठाऊक नव्हतं असं नाही. १९९८च्या त्यांच्या निबंधात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच. दोन वर्षांत त्यांनी जाहिराती विकायला काढल्या. २०१० मध्ये त्यांनी विमानांची भाडी आणि फ्लाइट शोधणारं सॉफ्टवेअर बनवणारी आयटीए ही कंपनी ७० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, आणि बुकिंगच्या धंद्यात घबराट उडाली. गूगल स्वतःच्या फ्लाइटची यादी वर दाखवेल, आम्हाला खाली ढकलेल! तक्रार करायला एक आघाडी उभी राहिली. एक्सपीडिया त्यात होती, कयाक होती, आणि अमेरिकन एअरलाइन्सपासून तोवर वेगळी झालेली सेबरही होती.