तळटीप : पांढरे कोड आणि महारोग

* मूळ लेखकाने येथे पांढरे कोड व महारोग यांस एकच व्याधी मानले आहे. तो समज त्या काळी सार्वत्रिक असला, तरी दोहोंचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे. बाह्यत्वचेच्या तळाशी राहून कातडीस रंग पुरविणाऱ्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे कोड उमटते; त्या डागावर स्पर्शाची व वेदनेची जाणीव शाबूत असते, आणि ते संसर्गाने कोणासही जडत नाही. महारोग मात्र, नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ साली दाखवून दिलेल्या जंतूपासून उद्भवतो. हा जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंनाही ग्रासत असल्यामुळे फिकट वा तांबूस चट्टा बधिर होतो, आणि कोपराजवळच्या मज्जातंतूस इजा पोहोचली की पंजातील लहान स्नायू क्षीण होऊन करंगळी व अनामिका आकड्यासारख्या वळतात. निराधार महारोग्यांस अटकावून ठेवण्याचा अखत्यार १८९८ च्या कायद्याने सरकारास दिला होता. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. सबब, अंगावर बधिर चट्टा आढळताच वाचकांनी संकोच न धरता दवाखाना गाठावा, आणि कोड असलेल्या माणसास दूर लोटण्याचा अन्याय कदापि करू नये. — संपादक