वृद्धसेवेचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि समुदायाधारित सेवा : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : भडगाव तालुका, जि. जळगाव)

प्रस्तावना

महाराष्ट्रात वृद्धांच्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवर होत आली आहे. एका टोकाला एकत्र कुटुंबपद्धती मोडल्याची खंत असते, तर दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमांच्या वाढत्या गरजेची चिंता. या दोहोंच्या मध्ये, आपल्याच घरात आणि आपल्याच गावात राहणारे बहुसंख्य वृद्ध असतात. त्यांना आश्रमाची गरज नसते. त्यांना गरज असते ती घरापर्यंत पोहोचणाऱ्या आणि आपले काम जाणणाऱ्या माणसाची. असा माणूस घडविण्याचे प्रयत्न केव्हा व कोठे झाले आणि ते तालुक्याच्या पातळीपर्यंत का पोहोचले नाहीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९५१ साली भारतात ६० वर्षांवरील लोकसंख्या सुमारे २ कोटी होती. २००१ च्या जनगणनेत ती सुमारे ७.६६ कोटी व २०११ मध्ये सुमारे १०.४ कोटी झाली. २०११ साली देशाच्या लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. म्हणजे राज्यात दर दहा माणसांमागे सुमारे एक व्यक्ती साठी ओलांडलेली होती.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) महाराष्ट्रातील वृद्धसेवेच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) वृद्धसेवेच्या प्रशिक्षणाचा विकास व त्याच्या मर्यादा तपासणे.
३) भडगावसारख्या ग्रामीण तालुक्याच्या संदर्भात या मर्यादांचा अर्थ लावणे.

मांडणीसाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय योजना व जनगणना यांचा आधार घेतला आहे.

१. भडगाव : भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

गिरणा नदीच्या काठी वसलेले भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. त्यांपैकी पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा होय. कापूस व केळी ही या परिसराची ओळख असून तालुक्यातील कजगाव केळीसाठी प्रसिद्ध आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्ग कजगाववरून जातो, भडगाव शहर मात्र लोहमार्गावर नाही. महसुली प्रशासनाच्या दृष्टीने भडगाव तालुका पाचोरा उपविभागात मोडतो. या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढे कायद्याच्या चर्चेत स्पष्ट होईल.

शेतीचे विभाजन, पावसाची अनिश्चितता आणि शिक्षणाचा प्रसार यांमुळे खानदेशातील तरुण पिढी सुरत, नाशिक, पुणे व मुंबई या शहरांकडे वळली. घर व शेत मागे राहिले आणि त्यांच्याबरोबर आईवडीलही. हे वृद्ध रूढ अर्थाने निराधार नव्हेत. त्यांना मुले आहेत, घर आहे, काहींच्या नावावर जमीनही आहे. परंतु दवाखान्यात नेणारा, बँकेत सोबत येणारा किंवा अर्ज भरून देणारा माणूस रोज जवळ नसतो. अशा वृद्धाची नोंद ना निराधारांच्या यादीत होते, ना वृद्धाश्रमाच्या पटावर.

२. आश्रयगृहांचा कालखंड

आधुनिक महाराष्ट्रातील संघटित वृद्धसेवेचा आरंभ आश्रयगृहांपासून झाला. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले अनाथ पंगू गृह, म्हणजे आजचे 'निवारा', हे त्याचे ठळक उदाहरण आहे. वृद्ध, अपंग व अनाथ यांना एकाच छताखाली अन्न व आसरा देणे हे अशा संस्थांचे स्वरूप होते. सेवेमागील प्रेरणा दयेची होती. त्यामुळे सेवा देणाऱ्याने काही शिकलेले असावे, अशी अपेक्षाच निर्माण झाली नाही.

स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी लगेच बदलली नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यामुळे रस्त्यावर आढळणारा निराश्रित वृद्ध 'भिक्षेकरी' म्हणून शासनाच्या नजरेस पडू लागला. १९६३ पासून राज्य शासनाने स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना सुरू केली. १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली आणि जिल्हावार १०० वृद्धांची सोय असणारी गृहे उभारण्याचे धोरण स्वीकारले गेले. जळगाव येथेही या योजनेतून वृद्धाश्रम उभा राहिला.

या गृहांचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र जिल्ह्याला एक गृह आणि गृहात १०० जागा, हे गणित लक्षात घेण्याजोगे आहे. २०११ साली जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांहून अधिक होती. राज्याच्या सरासरीने हिशेब केल्यास जिल्ह्यातील वृद्धांची संख्या ४ लाखांच्या आसपास येते. आश्रयगृह हा या संख्येला पुरणारा उपाय नव्हता आणि होऊही शकत नाही.

३. समाजकार्य शिक्षणाचा उदय व वृद्धांचे स्थान

भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात मुंबईतच झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. नागपाडा वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था सुरू झाली. १९४४ मध्ये तिचे नामांतर 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असे झाले. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली. 'सेवा करण्यासाठी मन पुरेसे नाही, शिक्षणही हवे' हा विचार या संस्थांनी रुजविला.

तथापि या शिक्षणाची विशेषीकरणे प्रामुख्याने कामगार कल्याण, बालकल्याण, कुटुंब, वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य, गुन्हेगारी व सुधारप्रशासन आणि समुदाय विकास अशी घडत गेली. त्या काळातील औद्योगिक मुंबईचे प्रश्न पाहता ते स्वाभाविकही होते. वृद्धत्व हा स्वतंत्र विषय न राहता कुटुंब किंवा रुग्णालय यांच्या अभ्यासातील एक प्रकरण म्हणून राहिला.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये जळगाव येथे झाली. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, अमळनेर, चोपडा व धुळ्याजवळील मोराणे येथील समाजकार्य महाविद्यालयांमुळे हे शिक्षण खानदेशात आले. प्रशिक्षित पदवीधर आता याच मातीतून तयार होऊ लागले. मात्र त्यांना वृद्धांसाठी काम करता येईल असे पद तालुक्याच्या प्रशासनात नव्हते. शिक्षण आले, पण त्या शिक्षणाला बसण्याची जागा निर्माण झाली नाही.

४. निवृत्तिवेतन : पैसा पोहोचला, माणूस नाही

१९८० पासून राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना राबविली जाऊ लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेने ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना दरमहा साहाय्य मिळू लागले. २०२३ मध्ये राज्याने हे साहाय्य १,००० वरून १,५०० रुपये केले.

या योजनांमुळे वृद्धसेवा प्रथमच आश्रमाच्या भिंतीबाहेर पडून वृद्धाच्या घरी पोहोचली, हे ऐतिहासिक परिवर्तन होय. परंतु लाभ मिळविण्याची वाट कागदपत्रांतून जाते. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला, असे तिचे टप्पे आहेत. श्रावणबाळ योजनेसाठी दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपये ही उत्पन्नमर्यादा होती. जन्माची नोंद नसलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर स्त्रीला हे टप्पे एकटीने ओलांडणे कठीण जाते. तहसील कार्यालयात अर्ज स्वीकारणारा लिपिक असतो. अर्जापर्यंत वृद्धास आणणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. ही पोकळी गावातील एखादा कार्यकर्ता, शिक्षक किंवा मध्यस्थ भरून काढतो. तेथे कधी आपुलकी असते, तर कधी उपकाराची किंवा पैशाची अपेक्षाही.

५. धोरण व प्रशिक्षणाचे प्रयत्न

१९८२ च्या व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेने वृद्धत्व हा आंतरराष्ट्रीय धोरणाचा विषय बनविला. १९९९ हे वर्ष आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्ष म्हणून पाळले गेले आणि त्याच वर्षी भारत सरकारने वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २००२ मध्ये माद्रिद येथे दुसरी जागतिक परिषद झाली. वृद्धांनी शक्यतो आपल्या परिसरातच राहावे आणि सेवा त्यांच्यापर्यंत यावी, हा विचार या काळात दृढ झाला.

या विचाराला प्रशिक्षणाची जोड देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न दिल्लीच्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेने केला. २००० साली सुरू झालेल्या 'नाइस' या उपक्रमात एकात्मिक वृद्धसेवेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका व सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, असे शिक्षण आखण्यात आले. वृद्धाची शारीरिक शुश्रूषा, मानसिक आधार, कायदा व योजनांची माहिती हे सर्व एका व्यक्तीने जाणावे, ही त्यामागील भूमिका होती. महाराष्ट्रात पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनसारख्या संस्थांनी या क्षेत्रात कार्य केले.

वृद्धांनी स्वतः संघटित होण्याची परंपराही महाराष्ट्रात समृद्ध आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'फेस्कॉम' या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाने गावोगावच्या संघांना एकत्र आणले. निवृत्त शिक्षक, कर्मचारी व अधिकारी या संघांचा कणा ठरले. मात्र निवृत्तिवेतन नसलेला शेतमजूर वृद्ध आणि विशेषतः वृद्ध विधवा यांचा सहभाग वाढविणे हे या चळवळीपुढील आव्हान राहिले आहे.

६. २००७ चा कायदा : हक्क आणि तो वापरण्याची क्षमता

आईवडिलांच्या पोटगीची तरतूद १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १९८७ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित कन्याही आईवडिलांच्या पोटगीस जबाबदार ठरू शकते, असा निर्णय दिला. तथापि न्यायालयाची वाट लांबची होती. 'आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७' ने ती जवळ आणली. महाराष्ट्रात हा कायदा मार्च २००९ पासून लागू झाला व २०१० मध्ये नियम तयार झाले.

उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण, वकिलांना प्रवेश नसलेली सोपी प्रक्रिया, नोटीस बजावल्यापासून सामान्यतः ९० दिवसांत निर्णय आणि दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता, ही या कायद्याची वैशिष्ट्ये होत. भडगावच्या वृद्धासाठी हे न्यायाधिकरण पाचोरा उपविभागाचे आहे. अंतर फार नाही. परंतु ज्या मुलाच्या घरात राहायचे, त्याच्याविरुद्ध अर्ज देण्याचे अंतर मैलांत मोजता येत नाही.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. वृद्ध स्वतः असमर्थ असल्यास त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. निर्णयापूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपविता येते. कलम २१ मध्ये पोलीस व शासकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. समेट घडविणे हे समाजकार्याचे मूळ कौशल्य होय. वृद्धाचे म्हणणे एकांतात ऐकणे, सुनेची ओढाताण समजून घेणे, भावाभावांतील वाटणीचा जुना सल ओळखणे आणि वृद्धाची प्रतिष्ठा न दुखविता तडजोड घडविणे, हे शिकावे लागते. खानदेशात ते अहिराणीतूनही करता यावे लागते. औपचारिक मराठीतील अर्जाला न सांगता येणारी व्यथा घरच्या बोलीत सहज सांगितली जाते.

२०१९ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांसाठी किमान निकष व परिचारकांचे प्रशिक्षण यांचा समावेश होता. मात्र १७ व्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही.

७. आरोग्यसेवा व गावपातळीवरील कार्यकर्ते

ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची परंपरा आहे. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी सेविका आली, तर २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती. दोघींचे प्रशिक्षण प्रामुख्याने माता व बालक यांच्याभोवती रचले गेले. एकाच घरातील गरोदर सुनेची नोंद होत असे, पण खाटेवरील सासूची होत नसे.

२०१०–११ मध्ये देशातील १०० जिल्ह्यांपासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या सेवांत वृद्धसेवा व उपशामक सेवा यांचा अंतर्भाव झाला. २०२१ मध्ये १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी देशभर सुरू झाली. दिशा योग्य आहे. परंतु नवे काम जुन्याच कार्यकर्तीवर, मानधनाच्या मोबदल्यात सोपविले जाते. आशा कार्यकर्ती रक्तदाब तपासण्यासाठी वृद्धास केंद्रावर आणू शकते. पोटगीचा अर्ज, हयातीचा दाखला व एकाकीपणा हे तिच्या नोंदवहीचे रकाने नाहीत.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील वृद्धसेवा आश्रय, अर्थसाहाय्य, हक्क व आरोग्य अशा टप्प्यांतून विकसित झाली. प्रत्येक टप्प्यावर तरतूद झाली, पण ती वृद्धापर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची नेमणूक झाली नाही.

२) प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम प्रामुख्याने दिल्ली, मुंबई व पुणे येथे विकसित झाले. ते घेतलेल्या व्यक्तीस ग्रामीण तालुक्यात पद नसल्याने प्रशिक्षित मनुष्यबळ शहरांतील संस्था व खासगी परिचर्या यांकडे वळणे क्रमप्राप्त होते.

३) खानदेशातील समाजकार्य महाविद्यालयांत क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. पाचोरा येथील न्यायाधिकरण, भडगावचे तहसील कार्यालय व ग्रामीण रुग्णालय ही क्षेत्रकार्याची ठिकाणे म्हणून स्वीकारल्यास नवी संस्था न उभारताही सेवेचा आरंभ होऊ शकतो. समेट अधिकाऱ्यांच्या यादीत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा समावेश करणे कायद्याच्या चौकटीत शक्य आहे.

४) कला व विज्ञान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दत्तक गावातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद ठेवणे हा त्याचा पूरक भाग ठरेल. मात्र विद्यार्थी दरवर्षी बदलतात, वृद्धाची गरज बदलत नाही. म्हणून हे प्रयत्न तालुका पातळीवरील कायम पदाला पर्याय नव्हेत, तर त्याची पूर्वतयारी होत.

वृद्धसेवा ही घरच्या माणसांची जबाबदारी आहे, ही समाजधारणा खोटी नाही. ती जबाबदारी पेलणारे हात दूर गेले आहेत, हे तितकेच खरे आहे. त्या हातांची जागा केवळ दयेने किंवा केवळ अनुदानाने भरून निघत नाही, हाच या दीड शतकाच्या वाटचालीचा निष्कर्ष होय.