पावलांची मोजदाद आणि गुडघ्याची परीक्षा

गुडघ्याच्या पोटांत एकमेकांस छेदून जाणारे दोन अस्थिबंध आहेत. त्यांपैकीं पुढचा तुटला म्हणजे चालतां चालतां वळण घेतांना गुडघा अचानक दगा देतो. हा बंध शस्त्रक्रियेनें दुरुस्त करतां येऊं लागला, तेव्हांपासून वैद्यांपुढें एक प्रश्न उभा आहे. गुडघा खरोखर बरा झाला, हें ओळखावें कशावरून?

इंग्लंडांतील लीड्स येथील शस्त्रवैद्य मेयो रॉब्सन यांनीं १८९५ सालीं एका खाणकामगाराचे तुटलेले बंध टांक्यांनीं जोडले. तेथें कसोटी सरळ होती : मनुष्य पुन्हा कामावर जाऊं शकला कीं नाहीं? तो जाऊं शकला. १९१७ सालीं ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज यांनीं मांडीवरील चिवट पडद्याची पट्टी हाडांतील छिद्रांतून ओवून नवा बंधच घडविला. तुटलेल्या बंधाच्या जागीं शरीरांतीलच दुसऱ्या तंतूंचें कलम बसविण्याची आजची रीति याच कल्पनेवर उभी आहे.

शस्त्रक्रियेनंतर पाय प्लास्टरांत जखडून ठेवण्याची वहिवाट मात्र पुष्कळ वर्षें टिकली. बंध वांचे, पण मांडी वाळे आणि सांधा आखडे. अमेरिकेंतील शेलबोर्न व निट्झ यांनीं १९९० सालीं निराळा मार्ग मांडला. वैद्याची आज्ञा मोडून लवकर हिंडूं लागलेले रोगीच अधिक चांगले सुधारतात, असें ध्यानीं आलें होतें. लवकर चालणें हा उपचाराचाच भाग झाला; आणि चालण्यामागोमाग मोजणेंही आलें.

मोजण्याचें यंत्र तयारच होतें. जपानांत १९६५ सालीं कमरेस अडकविण्याचें ‘मानपोकेई’ विक्रीस आलें होतें. त्या नांवाचा अर्थ दहा हजार पावलांचा मापक. हा आंकडा मुख्यतः नांवाच्या सोयीचा होता. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याचा विचार त्यांत नव्हताच. पुढें हालचालींतील फरक टिपणारे सूक्ष्म अवयव निघाले, २००९ सालीं फिटबिट बाजारांत आलें, आणि कालांतरानें मापक कमरेवरून मनगटावर चढला.

त्याचा उपयोग खराच आहे. रोगी ‘थोडें चाललों’ म्हणतो, तें थोडें म्हणजे किती, हें कळतें. एके दिवशीं पावलें एकदम वाढलीं आणि दुसऱ्या सकाळीं गुडघा सुजला, तर कारण शोधणें सोपें जातें. परंतु कुबडीवर टेकलेला हात झुलत नाहीं, म्हणून आरंभींचीं कित्येक पावलें हिशेबांतून सुटतात. आणि लंगडत टाकलेलें पाऊल व सरळ पाऊल यांस मनगटावरील मापक एकच गणतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे यांच्या १८७३ च्या ग्रंथांत हवेच्या पोकळ्या बसविलेल्या बुटांचें वर्णन आहे. त्या बुटांनीं डाव्या व उजव्या पायाची वेगवेगळी रेघ उमटे. लंगडणाऱ्या मनुष्यास हवी ती नेमकी हीच माहिती.

शिवाय नव्या कलमाची घडण पावलांच्या संख्येबरोबर धांवत नाहीं. आरंभींचे कांहीं आठवडे तें उलट दुबळें होतें व नंतर सावकाश बळावतें. वेदना मात्र आधींच शमते, आणि फसगत होते ती येथेंच. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, नवव्या महिन्यापर्यंत खेळावर परतणें जितके महिने लांबविलें, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें घटल्याचें आढळलें.

मनुष्य किती चालला, हें मनगट सांगेल. गुडघा कसा चालला हें वैद्याच्या हातास विचारावें, आणि धांवावें केव्हां हें पंचांगासही.