जुन्या ट्रकमधला तापमानाचा काटा

इंजिनातले पाणी किती तापले आहे हे चालकाला बसल्या जागेवरून दाखवणारे पहिले लोकप्रिय उपकरण अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसले. १९१० च्या दशकातला बॉइस कंपनीचा ‘मोटोमीटर’ म्हणजे साधा थर्मामीटर. पाण्यावरच्या वाफेने त्यातला लाल द्रव वर चढे आणि चालकाला तो समोरच्या काचेतून दिसे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हे काम डॅशबोर्डवरच्या गेजकडे गेले. इंजिनात ईथर भरलेला बल्ब, त्यातून निघालेली अतिशय बारीक धातूची नळी आणि गेजमध्ये तिच्या टोकाला वाकवलेली चपटी नळी, अशी ही रचना होती. ईथरच्या वाफेचा दाब वाढला की चपटी नळी सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. हे तत्त्व फ्रान्सच्या यूजीन बुर्दाँ यांनी १८४९ मध्येच शोधले होते. अशा गेजला बॅटरी लागत नाही. चावी बंद केल्यावरही गरम इंजिनाचे तापमान दाखवत राहणारा काटा याच जातीचा असतो, आणि तो मेला असेल तर वायर तपासत बसण्यात अर्थ नाही. नळी चिरून ईथर उडून गेलेला असतो.

पुढे नळीची जागा वायरने घेतली. इंजिनातल्या सेंडरचा, म्हणजे तापमान टिपणाऱ्या भागाचा, विद्युतरोध पाणी तापेल तसा कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि गेजमधली दोन धातूंची पट्टी तापून वाकते. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ होती, पण तिला स्थिर व्होल्टेज हवे. १९५६ मध्ये फोर्डने आपल्या गाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर नेल्यानंतर डॅशबोर्डच्या मागे एक लहानसा रेग्युलेटर बसू लागला. त्याचे संपर्कबिंदू तापून उघडतात, थंड होऊन मिटतात आणि या उघडझापीतून गेजला सरासरी पाच व्होल्ट मिळतात. म्हणून तो चालू असताना काट्याच्या मल्टिमीटरवर काटा सतत झुलतो. हे झुलणे म्हणजे बिघाड नव्हे. तो थांबून बारा व्होल्टवर स्थिरावला तरच धोका. रेग्युलेटरच्या डब्याचा अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूशी असलेला विद्युतजोड, सुटला की नेमके हेच होते.

या एका रेग्युलेटरवर इंधनाचा काटाही चालतो, आणि जुन्या फोर्ड ट्रकची तपासणी इथूनच सुरू करावी. दोन्ही काटे एकदम वर गेले किंवा एकदम पडले, तर दोष रेग्युलेटरकडे आहे. एकटा तापमानाचा काटा बिघडला, तर सेंडर किंवा त्याची वायर पाहावी. या गेजचे थंड टोक सुमारे ७३ ओहमला आणि गरम टोक सुमारे १० ओहमला असते. सेंडरची वायर काढून १० ओहमच्या रोधकातून अर्थला जोडली आणि काटा गरम टोकाला गेला, तर गेज व वायर ठीक, सेंडर खराब. वायर थेट अर्थला टेकवण्याची पद्धत मात्र इथे घातक आहे, गेजमधले वेटोळे जळू शकते. सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. त्यावर गळती थांबवणारी पांढरी टेप जाड गुंडाळली की नवा सेंडरही खोटे, थंड तापमान दाखवतो.

इंजिनाच्या याच पाण्यावर चालणाऱ्या हीटरचा प्रवास वेगळा झाला. १९५० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी ट्रकमध्ये तो जास्तीचे पैसे भरून घ्यावा लागे. इंजिनाचे गरम पाणी दोन होजमधून केबिनजवळच्या छोट्या रेडिएटरमध्ये येते आणि विजेचा ब्लोअर त्यातून हवा ढकलतो. ब्लोअरचा वेग कमी करण्यासाठी तारेची वेटोळी रोधक म्हणून वापरली; ती थंड राहावीत म्हणून ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवली. सर्वांत जास्त वेगाला करंट या वेटोळ्यांना वळसा घालून जातो. त्यामुळे ब्लोअर फक्त त्याच वेगावर चालत असेल, तर वेटोळे तुटले आहे. एकाही वेगावर चालत नसेल, तर फ्यूज पाहून मोटरला बॅटरीतून थेट वीज द्यावी. ती फिरली तर दोष स्विचकडे किंवा वायरिंगमध्ये. स्विचचा वितळून तपकिरी झालेला प्लॅस्टिकचा जोड हा अशा वेळी नेहमी सापडणारा पुरावा.

ब्लोअर लावताच तापमानाचा काटा उडी मारत असेल, तर दोघांचा सामाईक अर्थ तपासावा. इंजिन रबरी माउंटवर बसते, म्हणून ते केबिनला जाड पट्टीने जोडावे लागते. ती पट्टी गंजली की ब्लोअरचा करंट परतताना अडतो आणि गेजच्या मोजमापात मिसळतो. ब्लोअर पूर्ण वेगात असताना इंजिन आणि केबिनमध्ये अर्धा व्होल्टसुद्धा दिसला, तर पट्टी बदलावी.

काटा खाली आणि हीटरची हवाही थंड, पण वायरिंग मात्र धडधाकट, अशी जोडी दिसली तर उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कमी पडलेले पाणी शोधावे. यातले दुसरे कारण गंभीर आहे: सेंडर कोरडा पडला की इंजिन उकळत असतानाही काटा थंडच दाखवतो.