काझी, रोजा आणि मराठी हग्गादा

भांडुपहून ठाण्याकडे निघालं की नाहूर, मुलुंड आणि मग ठाणे. ठाण्यात १८७९ साली बांधलेलं ‘शआर हाशमायिम’ हे यहुदी प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, आहे. उलट्या दिशेला मस्जिद बंदर. तिथे सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. मराठी बोलणारे बेने इस्रायल यहुदी आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असंही सांगतात.

आज यहुदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पॅलेस्टाईनच्या बातम्या येतात. ते दुःख खरं आहे. पण ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे, ते कोकणातले आपले जुने शेजारी आहेत. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या स्मरणार्थ ते जो उपवास धरत, त्याचं नाव ‘बिरड्याचा रोजा’. वालाचं बिरडं कोकणचं आणि रोजा हा शब्द आपल्याकडचा.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे या लोकांच्या इतिहासातला एक प्रश्न मला फार जवळचा वाटतो. त्यांनी मुलांना धर्म कोणत्या भाषेत शिकवला?

एके काळी त्यांच्याकडे हिब्रू उरली नव्हती. शनिवार पाळणं, सुंता, खाण्यातले नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढं टिकलं होतं. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या शिक्षकाने त्यांना ओळखलं आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना धर्मशिक्षण दिलं. या धर्मशिक्षितांना लोक काझी म्हणू लागले. हे काझी गावोगाव जाऊन लग्नं लावत, सुंता करत, तंटे मिटवत.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या आणि बेने इस्रायल मुलं त्यांत जाऊ लागली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत तयार केलं. मिशनऱ्यांना धर्मांतर हवं होतं, ते फारसं झालं नाही. मुलं हिब्रू शिकली आणि आपल्याच सिनेगॉगकडे वळली. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीही त्यांना आधार दिला.

पुढचं पाऊल या लोकांनी स्वतः टाकलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांचे मराठीत तरजुमे केले. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायचं पुस्तक. हजरत मूसा यांच्या काळात मिसरच्या गुलामीतून झालेली सुटका त्यात आहे. त्या रात्री घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठी माणसं ती हकिकत सांगतात. आपण काय विचारतो आहोत हेच मुलाला कळलं नाही, तर विचारण्याला अर्थ काय? हिब्रूशेजारी मराठी छापण्याची गरज मला इथे दिसते. १८८०च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनही आपलंसं केलं. इब्राहीम आणि युसुफ यांच्या कथा ते मराठी आख्यानांतून सांगू लागले.

हिब्रू मात्र त्यांनी सोडली नाही. तेराव्या वर्षी मुलाला तोराहच्या गुंडाळीतून वाचावं लागतं. त्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, जशी आपल्या उर्दू पुस्तकांत जेर-जबर नसतात. आधी चिन्हांसकट वाचून सराव करावा लागतो. मूळ शब्द हिब्रूत आणि अर्थ मराठीत, अशी ही जोडी होती.

१८७५ साली हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजासाठी इस्रायली शाळा काढली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९४८ नंतर बरेचसे बेने इस्रायल इस्रायलला गेले, आणि आज त्या शाळेत बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत. एका अल्पसंख्य समाजाने आपल्या मुलांसाठी बांधलेल्या वर्गांत आपली मुलं शिकतात. ही गोष्ट त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवी.

आपल्या वस्त्यांत मुलं सकाळी इंग्रजी किंवा मराठी शाळेत जातात आणि संध्याकाळी मकतबमध्ये अरबी वाचतात. उस्ताद अर्थ उर्दूत सांगतात. अनेक मुलांना तो अर्धाच कळतो, कारण त्यांची उर्दू घरातल्या बोलण्यापुरती उरली आहे. मराठीत समजावलं तर उर्दू जाईल, अशी भीती काही पालकांना वाटते. उर्दूवर माझं पोट चालतं, तरीही मला ती भीती पटत नाही. उर्दू वाचवायची तर ती नीट शिकवावी लागेल, मुलांना अर्थापासून दूर ठेवून ती वाचणार नाही. कुरआनचे मराठी तरजुमे आहेत. ते मकतबच्या कपाटात अरबी मजकुराशेजारी असायला काय हरकत आहे?

बेने इस्रायलांनी धर्म मराठीत समजून घेतला म्हणून ते कमी यहुदी झाले नाहीत. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. धर्म आणि भाषा त्यांनी दोन्ही जपलं.