कृषि-ग्रंथपालांची गेंट परिषद आणि कृषि-अर्थशास्त्राची संदर्भसाधने

एखाद्या ज्ञानशाखेचा इतिहास लिहिताना तिच्यातील पंडित, त्यांचे सिद्धांत आणि त्यांचे वाद यांचाच विचार बहुधा केला जातो. त्या शाखेचे लेखन कोणी जमविले, त्याच्या याद्या कोणी केल्या आणि ते पुढच्या अभ्यासकाच्या हाती कसे पोहोचले, हे प्रश्न गौण मानले जातात. कृषि-अर्थशास्त्राच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी ठरते. १९५५ साली बेल्जममधील गेंट येथे कृषिविषयक ग्रंथपाल आणि प्रलेखक एकत्र आले व त्यांनी आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. ही घटना ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली आहे. परंतु तिचा खरा अर्थ कृषि-अर्थशास्त्राच्या इतिहासात शोधावा लागतो.

या शास्त्राचे लेखन मुळातच विखुरलेले आहे. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात शेतीचा क्रमांक ६३०, तर शेतीच्या उत्पादनाचे अर्थकारण ३३८·१ या क्रमांकाखाली येते. पिकाचा ग्रंथ एका कपाटात आणि त्याच पिकाच्या भावाचा ग्रंथ दुसऱ्या कपाटात, अशी स्थिती होते. शिवाय या शास्त्रातील पुष्कळसे महत्त्वाचे लेखन ग्रंथरूपाने येतच नाही. सरकारी अहवाल, बाजारभावांची पत्रके, पाहण्यांचे चक्रमुद्रित वृत्तांत आणि परिषदांतील निबंध हे त्याचे स्वरूप होय. असे कागद थोड्या प्रती काढून वाटले जातात आणि थोड्याच वर्षांत दुर्मिळ होतात. आणि जुन्या पाहणीवाचून नव्या पाहणीला अर्थ येत नाही. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. दख्खनमधील जमिनीचे तुकडे, कर्ज आणि मजुरी यांत पुढे काय पालट झाला हे सांगू इच्छिणाऱ्याला हे दोन्ही अभ्यास प्रथम हाती यावे लागतात.

माहितीच्या या अभावाची किंमत सामान्य शेतकऱ्याला मोजावी लागते, हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत डेव्हिड लुबिन यांचे नाव अग्रगण्य आहे. पोलंडमध्ये १८४९ साली जन्मलेले लुबिन अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे व्यापारी म्हणून पुढे आले व नंतर शेतीकडे वळले. मोठ्या व्यापाऱ्याला जगभरच्या पिकांची बातमी असते, एकट्या शेतकऱ्याला ती नसते, आणि म्हणून भाव ठरताना शेतकरी दुबळा पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. इटलीच्या राजाचा पाठिंबा मिळवून त्यांनी १९०५ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेचा करार घडवून आणला. पिकांची आकडेवारी गोळा करून प्रसिद्ध करणे हे तिचे प्रमुख कार्य होते. त्याच कार्यातून तेथे एक मोठे ग्रंथालय उभे राहिले. कृषि-अर्थशास्त्राची आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची या संस्थेने १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केली.

याच सुमारास अमेरिकेच्या कृषिखात्यातही असे कार्य चालू होते. १९२२ साली स्थापन झालेल्या कृषि-अर्थशास्त्र विभागाच्या ग्रंथालयाने मेरी लेसी यांच्या नेतृत्वाखाली विषयवार सूची काढल्या, आणि १९२७ पासून नव्या लेखनाची वार्ता देणारे नियतकालिकही चालविले. परंतु ही दोन्ही कार्ये आपापल्या संस्थांच्या आधारावर उभी होती. १९४२ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने आपली ग्रंथालये एकत्र केली, आणि ते स्वतंत्र नियतकालिक सर्व शेतीविषयांच्या एका सामायिक सूचीत विलीन झाले. १९४६ साली रोमची संस्था विसर्जित होऊन तिचा वारसा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेकडे गेला. १९५३ साली खुद्द अमेरिकेचा कृषि-अर्थशास्त्र विभागही बरखास्त झाला. शासनाने खाते मोडले की त्या खात्याने केलेली सूचीही खुंटते, हा या अनुभवाचा निष्कर्ष होता.

गेंटच्या परिषदेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तेथे स्थापन झालेल्या संघाचे पहिले अध्यक्ष सिग्मुंड फॉन फ्राउएनडॉर्फर हे रोमच्या ग्रंथालयात कार्य केलेले ग्रंथपाल, आणि स्वतः कृषि-अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. संस्था लयास गेली तरी सूचीचे काम कसे टिकावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे केवळ तात्त्विक नव्हता. कोणत्याही एका सरकारवर अवलंबून नसलेला व्यावसायिकांचा संघ हे त्याचे एक उत्तर होते. संघाजवळ मोठा पैसा नव्हता आणि सत्ताही नव्हती. परंतु कोणत्या ग्रंथालयात कोणता संग्रह आहे आणि कोणत्या देशात कोणती सूची तयार होत आहे, ही माहिती परस्परांना देणारे माणसांचे जाळे त्यातून निर्माण झाले.

पुढील घटनांनी या विचाराची मर्यादाही दाखविली. संघ सर्व कृषिविद्यांचा असल्याने अर्थशास्त्राचा वाटा त्यात साहजिकच लहान राहिला. १९५९ साली कृषि-अर्थशास्त्र व ग्रामीण समाजशास्त्र यांच्या लेखनाचा गोषवारा देणारे जागतिक नियतकालिक निघाले, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली. चक्रमुद्रित निबंध मूळ स्वरूपात सर्वांना उपलब्ध करून देण्याचे काम मात्र संगणकाच्या युगाची वाट पाहत राहिले. १९९५ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी ते ‘ॲगइकॉन सर्च’ या संग्रहाद्वारे हाती घेतले.

भारताच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. १९३९ साली भारतीय कृषि-अर्थशास्त्र परिषद स्थापन झाली आणि १९४६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायासारख्या पाहण्या झाल्या. अशा छापील ग्रंथांना सूचींत स्थान मिळणे तुलनेने सोपे होते. तालुकावार जमाबंदीचे अहवाल, सहकारी सोसायट्यांचे मराठी वार्षिक वृत्तांत आणि बाजार समित्यांची दप्तरे यांची गोष्ट वेगळी आहे. युरोपीय भाषांभोवती रचलेल्या आंतरराष्ट्रीय सूचींकडून या साधनांची नोंद होण्याची अपेक्षा धरता येत नाही. ते काम त्या त्या प्रदेशातील ग्रंथपालांचे व संशोधकांचेच होय. शेतकऱ्याला बाजाराची बातमी मिळावी म्हणून लुबिन यांनी आरंभिलेले कार्य त्या शेतकऱ्याच्या भाषेतील कागदपत्रांपर्यंत पोहोचल्यावाचून पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.