सीलबंद ध्वनीचा प्रवास : ‘पासथ्रू’ची पूर्वपीठिका

‘शोले’च्या सत्तर मिलिमीटर प्रतींनी १९७५ मध्येच भारतीय प्रेक्षकाला चित्रपटगृहात स्टिरिओफोनिक ध्वनीचा अनुभव दिला. घरापर्यंत सराउंड साउंड पोहोचायला मात्र बराच काळ लागला आणि त्याची वाट अडली ती एका केबलपाशी.

सोनी व फिलिप्स यांची ‘एस/पीडीआयएफ’ ही डिजिटल जोडणी दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी घडवलेली होती. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, या हिशेबाने तिची क्षमता सुमारे १५ लाख बिट. सहा वाहिन्यांचा ध्वनी असंकुचित पाठवायचा तर ४६ लाख हवेत. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहांत आलेला डॉल्बी डिजिटल पुढे डीव्हीडीवर आला, तेव्हा अभियंत्यांनी केबल बदलली नाही, वेषांतर केले. संकुचित प्रवाहाला दोन वाहिन्यांच्या साध्या ध्वनीचे रूप देऊन तो त्याच तारेतून धाडला. डीव्हीडीवर नेहमी आढळणाऱ्या ४४८ किलोबिटच्या प्रवाहाची एक चौकट १,७९२ बाइटची. तिच्यासाठी राखलेली जागा ६,१४४ बाइटची. उरलेल्या जागेत बहुतांशी शून्येच! ‘आयईसी ६१९३७’ या मानकाने ही युक्ती अधिकृत केली. स्ट्रीमिंग बॉक्सच्या सेटिंग्जमधला ‘पासथ्रू’ हा तिचाच वारस : बॉक्स ध्वनी उलगडत नाही, आला तसा ॲम्प्लिफायरकडे सोपवतो.

या सोयीची किंमत आहे. सीलबंद प्रवाहाचा आवाज बॉक्सला कमी-जास्त करता येत नाही, त्यात मेनूची टिकटिक मिसळता येत नाही. एखादा बिट बदलला तरी चौकट बिघडू शकते. आणि समोरच्या यंत्राने त्या प्रवाहाला साधा ध्वनी समजून वाजवले, तर कर्कश खरखराटाखेरीज काही ऐकू येत नाही.

२००६ च्या एचडीएमआय १.३ ने वाट रुंदावली. ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडीचा सेकंदाला १.८ कोटी बिटपर्यंतचा प्रवाह त्यातून वाहू लागला. स्ट्रीमिंग सेवांनी मात्र काटकसरीचा डॉल्बी डिजिटल प्लस स्वीकारला आणि ॲटमॉसची माहितीही त्यातच बसवली. म्हणूनच टीव्हीकडून ॲम्प्लिफायरकडे ध्वनी परत नेणाऱ्या, २००९ च्या साध्या ‘एआरसी’ जोडणीतूनही तो जाऊ शकतो; ट्रूएचडीला २०१७ च्या ‘ईएआरसी’ची वाट पाहावी लागली.

आता काही बॉक्स ध्वनी स्वतःच उलगडून देतात. मेनूचे आवाज मिसळायला ते सोयीचे. ॲम्प्लिफायरवर पैसे खर्चणाऱ्यांना ते फारसे रुचत नाही. जिथे पासथ्रू टिकून आहे, तिथे प्रत्येक पुडक्याच्या आरंभी एफ८७२ आणि ४ई१एफ हेच दोन षोडशमान संकेत ॲम्प्लिफायरला आजही सांगतात की हा साधा ध्वनी नव्हे.